पऱ्हाट्यांचा आडोसा

टाकळीच्या खुशालराव गावंड्यांना दोन बायका होत्या. लहानी कौशल्या टाकळीलाच असे. मोठी जमुना अमरावतीला, राजापेठेतल्या बिऱ्हाडात.

जमुनेला कोणी घालवून दिलं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा दुसरी करा असं नवऱ्याला तिनेच सांगितलं होतं. म्हणजे सासूने तिला सांगायला लावलं होतं, पण बोलली ती स्वतः, चुलीपुढे बसून, भाकर थापता थापता. कौशल्या अकोटकडची, शेतकऱ्याघरचीच पोर. तिला हळद लावायला जमुनाच पुढे होती. मग वर्षभर दोघी एका घरात राहिल्या. भांडणं झाली नाहीत. पण सासूने एकीला हाक मारावी आणि ओ दोघींनी द्यावी, असं होऊ लागलं. शेवटी एक दिवस खुशालराव आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, की अमरावतीला आपलं घरचं कोणीतरी असलं पाहिजे. कापूस घेऊन जावं लागतं, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीवरून, चाललेल्या दाव्याच्या तारखा पडतात, खानावळीचं जेवण पोटाला सोसत नाही. तू राहशील काय, असं त्यांनी विचारलं. जमुना हो म्हणाली. तिचा भाऊ चिडून टाकळीला आला, तर तिनेच त्याला समजावून परत पाठवलं.

राजापेठेतलं घर लहानसं होतं. बाहेरच्या खोलीत गादी आणि लोड, आतली खोली तिची, मागे अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे रुईची झुडपं माजलेली मोकळी जागा. कापसाच्या हंगामात बाहेरची खोली माणसांनी भरून जायची. गाड्या सरकी काढायच्या जिनात लागल्या की टाकळीची माणसं तिथेच उतरत. तंबाखू, कापसाचा भाव, कौन्सिलच्या निवडणुकीत कोण पडलं आणि का पडलं, हे दिवसभर चाले. जमुना भाकरी टाकून टाकून थकून जाई. मग गाड्या परत जात आणि घर एकदम रिकामं होई. दुपारी भांडी घासायला येणाऱ्या बाईशी बोलायला गेलं की तिचा आवाज घशातच अडके. तेव्हा तिच्या ध्यानात येई, की सकाळपासून आपण तोंड उघडलेलंच नाही.

कॅमेरा खुशालरावांचा. कापसाच्या कामाने ते एकदा मुंबईला गेले, तेव्हा हौसेने एक बॉक्स कॅमेरा घेऊन आले. समुद्राकाठच्या कुठल्याशा बागेत त्यांनी काढलेला पहिला फोटो त्यांनी जमुनेला दाखवला. बागेचा कठडा, पलीकडे करडं पाणी आणि पाण्यावर पांढरे ठिपके.

"हे काय हाय?" तिने विचारलं.

"पाखरं. लय होती. फोटूत आलीच नाई."

त्यानंतर त्यांनी बैलजोडीचा एक फोटो काढला, एक आईचा. आईने डोळे मिटले. मग त्यांची हौस संपली आणि कॅमेरा राजापेठेच्या घरातल्या फडताळात पडून राहिला. जमुनेला मात्र तो पहिला फोटो आठवत राहिला. पाखरं समोर होती, माणूस उभा राहून पाहत होता, आणि तरी ती आली नाहीत.

एका दुपारी तिने तो डबा काढला. अंगणात चिमण्या आल्या होत्या. वरच्या काचेत पाहिलं तर डावीकडची चिमणी उजवीकडे दिसे आणि ती उडाली की भलतीकडेच जाई. जमुनेला हसू आलं. रोल संपला तेव्हा ती पदर डोक्यावरून नीट घेऊन जवळच्या फोटोच्या दुकानात गेली. दुकानदार गोवर्धन मूळचा अकोल्याचा, शांत माणूस. लोकांना रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीवर बसवून तो त्यांचे फोटो काढी. चार दिवसांनी त्याने तिच्यापुढे फोटो ठेवले. त्यांत अंगण होतं, दोरीवरचं लुगडं होतं, चिमण्या म्हणजे तिळाएवढे डाग. तो हसला नाही. या डब्याला फार जवळचं धूसर दिसतं आणि दूरचं बारीक होतं, एवढंच त्याने सांगितलं. पाखरांचे काढायचे तर त्यांना जवळ येऊ द्यावं लागेल, आणि ती येईपर्यंत हलायचं नाही.

हलायचं नाही, हे जमुनेला जमण्यासारखं होतं.

अशी ती वडाळीच्या तलावावर जाऊ लागली. शहराला पाणी पुरवायला सरकारने बांधलेला तो तलाव. बंधाऱ्याच्या पाळीजवळ झाडं लावून बाग केलेली, संध्याकाळी साहेबलोक आणि वकीलमंडळी तिथे फिरायला येत. सकाळी कोणी नसे. हिवाळ्यात पाणी उतरलं की पलीकडच्या काठाला गाळाची जमीन उघडी पडे आणि तिथे पार्बताबाई नावाची माळीण वांगी, काकड्या आणि थोडी शेवंती लावी. जमुना पहिल्यांदा तिच्या बांधावर जाऊन बसली तेव्हा पार्बताबाईला वाटलं, ही बाई जीव द्यायला आली आहे. ती खुरपं टाकून जवळ येऊन उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. कॅमेरा पाहिल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. पुढे तिनेच जळणासाठी आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पाण्याजवळ उभ्या करून आडोसा बांधून दिला. कामाची बाई होती, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"पाखराईचे फोटू काढून दाखवता कोनाले?" तिने एकदा विचारलं.

जमुना पदराने कॅमेऱ्याची काच पुसू लागली.

त्या आडोशात ती दोन हिवाळे बसली. ढोकरी आली, पाणकावळा पंख पसरून वाळत बसला, पायाने लांबलचक शेकाटे गाळात चालले. बहुतेक फोटो फुकट जात. एखादा साधे. फुलपाखरांचं आणखी कठीण होतं. गोवर्धनने त्यासाठी म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याचं भिंग मेणाने कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवून दिलं आणि एका दोरीला गाठ मारली. गाठीइतक्या अंतरावर जे असेल ते स्वच्छ येईल, पुढेमागे झालं तर नाही. पण फुलपाखरू काही गाठीशी थांबत नव्हतं. दोरी ताणून धरेपर्यंत ते शेवंतीच्या दुसऱ्या ओळीवर गेलेलं असे.

साधलेले फोटो ती कणकेच्या खळीने आतल्या खोलीच्या भिंतीवर चिकटवी. खुशालराव एकदा पाणी मागायला आत आले आणि भिंतीपुढे थांबले. तिला वाटलं, आता काही विचारतील. त्यांनी गडवा रिकामा केला, तोंड पुसलं आणि ते बाहेर गेले. रागावले नव्हते. विचारायचं काही त्यांना सुचलं नसावं.

तिसऱ्या हिवाळ्यात कौशल्या आली.

आदल्या वर्षी तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं आणि मूल गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते. या वेळी जचकी अमरावतीला बायकांच्या दवाखान्यातच करायची, असं खुशालरावांनी ठरवलं. सासूला ते पसंत नव्हतं, पण त्यांनी ऐकलं नाही. पौषात ते कौशल्येला बैलांच्या दमणीतून घेऊन आले, तिची ट्रंक आत ठेवली, आणि हिच्याकडे लक्ष ठेव एवढं जमुनेला सांगून दुसऱ्या दिवशी परत गेले.

जमुनेने त्या ट्रंकेला कोपऱ्यात जागा करून दिली. ही आपल्या खोलीत राहणार, आपल्या चुलीशी बसणार, आणि आपण तिचं पोट वाढताना पाहायचं. पण कौशल्येने असं काही मनात आणायला फुरसतच दिली नाही. ती बोलायची. उठल्यापासून निजेपर्यंत बोलायची. म्हशीबद्दल, सासूच्या गुडघ्यांबद्दल, अकोटच्या बाजाराबद्दल, काल पडलेल्या स्वप्नाबद्दल. आणि पहिल्याच दिवशी ती भिंतीपुढे जाऊन उभी राहिली ती हलेना.

"बाई, हे सगळे तुमी काढले?"

जमुना हो म्हणाली.

मग कौशल्येने एकेकाबद्दल विचारलं. हा कोण, हा काय खातो, याचे पाय असे का, हा तुमच्याकडे पाहतो आहे का. जमुना तुटक उत्तरं देत होती, तरी संध्याकाळपर्यंत घसा दुखून आला. इतकं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

कौशल्येने तलावावर येण्याचा हट्ट धरला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंच होतं. टांग्याने शक्य तेवढं जायचं आणि मग हळूहळू काठाकाठाने. पार्बताबाईने तिच्या पोटाकडे पाहून बसायला पोतं अंथरून दिलं. आडोशात कौशल्या दम टाकत बसली आणि लगेच कुजबुजू लागली. जमुनेने ओठांवर बोट ठेवलं. ती क्षणभर गप्प झाली, मग पुन्हा सुरू. पक्षी दूर सरकले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी. जमुना मनात म्हणाली, हिला घरी ठेवून यावं. पण निघायच्या वेळी कौशल्या लुगडं नेसून दारात तयार असे.

त्या हिवाळ्यात जमुना एका पक्ष्याची वाट पाहत होती. पांढरा, बगळ्याहून मोठा, चोच पुढे चपटी होऊन पळीसारखी झालेली. लोक त्याला चमच्या म्हणत. आदल्या वर्षी तो पाण्याच्या मध्यावर दिसला होता आणि फोटोत ठिपकाच आला होता. या वर्षी एका सकाळी तो काठाशी उतरला. उथळ पाण्यात चोच बुडवून, मान डावी-उजवीकडे फिरवत, एकेक पाऊल टाकत थेट आडोशाकडे येऊ लागला. जमुनेने कॅमेरा विटेवर टेकवला होता. काचेत तो मोठा होत चालला होता. आणखी थोडा आला असता तर त्याचा डोळासुद्धा दिसला असता.

कौशल्या फसकन हसली.

पक्षी उडाला. पाठोपाठ सगळा काठ उडाला. ढोकऱ्या, शेकाटे, सगळे. पाणी थोडा वेळ हलत राहिलं.

"बाई, थे कढी हालवल्यासारखं करून राहिलं होतं," कौशल्या तोंडावर हात धरून म्हणाली. ती अजून हसतच होती.

जमुना तिच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "तू आली का माह्याजवळ काहीच टिकत नाई," ती म्हणाली.

कौशल्येचा हात तोंडावरच राहिला. ही गोष्ट पक्ष्याची नाही, हे दोघींनाही कळलं. बाहेर पार्बताबाई वांगी तोडत होती, तिच्या हाताखाली देठ मोडल्याचा आवाज येत होता. घरी येताना टांग्यात दोघी दोन बाजूंना पाहत होत्या.

त्यानंतर कौशल्या बोलेनाशी झाली. विचारलं तर उत्तर देई, वाढलं तर जेवे, बाकी भिंतीकडे तोंड करून पडून राही. तलावावर यायचं तिने नाव काढलं नाही. जमुना एकटी गेली आणि थोड्याच वेळात परत आली. घरात शिरल्यावर तिला वाटलं, हेच घर, हीच शांतता, इतकी वर्षं आपण यातच काढली की. पण आता ती तिला सोसेना. जे बोललो ते परत कसं घ्यायचं, हेही तिला येत नव्हतं. तिच्यावर आजवर तशी वेळच आली नव्हती. तिने कौशल्येला आवडतात म्हणून पाटवड्या केल्या. कौशल्येने त्या खाल्ल्या आणि ताट धुऊन ठेवलं.

एका सकाळी कौशल्या मागच्या मोकळ्या जागेतून रुईची एक फांदी हातात घेऊन आली. पानावर एक अळी होती, काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली.

"हिचं काय होते, बाई?"

जमुनेलाही माहीत नव्हतं. दोघींनी फांदी पाण्याच्या तांब्यात उभी करून अंगणात ठेवली. अळीने पानं खाल्ली. कौशल्येने आणखी पानं आणून दिली. मग एक दिवस अळी फांदीला उलटी लटकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी एक हिरवा मण्यासारखा कोष होता, गुळगुळीत आणि निपचित.

कौशल्येने तो पाहिला आणि ती मटकन खाली बसली. मेली, असं ती म्हणत राहिली. आपण घरात आणली म्हणून मेली. जमुनेने सांगून पाहिलं, की हे असंच होत असेल, यातून काहीतरी निघत असेल. कौशल्या ऐकेना. तिने गुडघ्यात डोकं घातलं होतं. जमुना तिच्याशेजारी ओट्यावर बसली आणि तिने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग कौशल्या बोलली. "माह्या पयल्या लेकराले मले दाखवलंच नाई. थे रडलं नाई, मंग त्याईनं थे फडक्यात गुंडायलं अन् घेऊन गेले. नाक कसं होतं, केस होते का नाई, मले काईच माहीत नाई. स्वप्नात येते तं त्याले तोंडच नसते."

आजवर जमुनेला वाटत आलं होतं, की ही पोर बोलते ती पोटात सुख मावत नाही म्हणून.

"बाई, याचा फोटू तुमी काढजा," कौशल्या पुढे म्हणाली. "झाल्या झाल्या काढजा. मंग कसंही होवो."

"काढतो," जमुना म्हणाली. आणि मग, तांब्यातल्या फांदीकडे पाहत, "त्या दिवशी मी बोलली, तसं बोलाले नोको होतं."

कौशल्येने नाक पुसलं. हसायला नको होतं, असं तीही म्हणाली, आणि लगेच तिला त्या पक्ष्याची मान आठवून पुन्हा हसू आलं. या वेळी जमुनाही हसली.

कोष काळा पडला तेव्हा दोघींचाही धीर सुटला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली आणि कोष फाटून त्यातून एक चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं. ते रिकाम्या कोषाला धरून लटकलं. त्याचे पंख हळूहळू उलगडत गेले. नारिंगी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके. ओले असल्यामुळे ते उडू शकत नव्हतं. जमुनेने धावत जाऊन कॅमेरा आणला, स्टुलावर ठेवला, दोरी ताणली. फुलपाखरू गाठीशी होतं आणि तिथेच राहिलं. कौशल्येने मागे पांढरं लुगडं धरलं, म्हणजे उजेड नीट पडेल. पोटाचा एवढा भार घेऊन ती उभी होती, आणि पंख वाळून फुलपाखरू उडून जाईपर्यंत ती हलली नाही की बोलली नाही.

तो फोटो पाहून गोवर्धनने पहिल्यांदाच स्वतःहून एक जादा प्रत काढली आणि ती दुकानात लावू का, असं विचारलं. जमुनेने नको म्हटलं. तो फोटो तिने कौशल्येच्या हातात दिला.

फाल्गुनात कौशल्येला कळा सुरू झाल्या. जमुना तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि टाकळीला निरोप धाडला. मुलगी झाली, पहाटे, आणि झाल्याबरोबर तिने असा टाहो फोडला की व्हरांड्यात बसलेल्या जमुनेला तो ऐकू आला. तिने पिशवीतून कॅमेरा काढला. नर्सबाईने आधी हरकत घेतली. मग कौशल्येने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती स्वतःच पाळणा ओढून पूर्वेच्या खिडकीशी घेऊन आली. जमुनेने दोरी ताणली. मूल झोपलं होतं. कपाळावर भरपूर केस, नाक बसकं, एक मूठ गालाशी. काचेत ती मूठ उजवीकडे दिसत होती. जमुनेने श्वास रोखला आणि खटका दाबला.

दुपारी खुशालराव आणि सासू आली. सासूने मुलीला उचलून घेतलं, पाहिलं, आणि पदराखाली झाकलं. जमुना खाटेशी उभी होती. सासू तिच्याकडे पाठ करून बसली. त्यात रागबीग काही नव्हता. नव्या लेकरावर वांझेची सावली पडू देऊ नये, एवढंच ती जाणत होती आणि तसं वागत होती. जमुना जरा मागे सरकली. मग आणखी मागे, दारापर्यंत.

बारसं टाकळीला ठरलं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्याच दिवशी दमणी दाराशी आली. सासू म्हणाली, की राजापेठेचं घर उघडं टाकून कसं चालेल, मोठीने इथंच राहावं. खुशालराव काहीतरी बोलायला गेले आणि बैलांचं जू पाहू लागले. कौशल्या जमुनेच्या पाया पडायला वाकली. "बाई, मी त्याईले सांगतो," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "तुमाले घ्याले पाठवतो." जमुनेने तिला उठवलं. सासू हाक मारत होती.

फोटो स्वच्छ आला होता. मुठीवरच्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या. जमुनेने एक प्रत कौशल्येसाठी खुशालरावांबरोबर पाठवली. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, की आईला ते आवडलं नाही. फोटो काढला की मुलाचं आयुष्य कमी होतं म्हणते. तिने तो फोटो दडवून ठेवला आहे. कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. मुलीचं नाव इंदू ठेवलं, असंही त्यांनी सांगितलं. तोवर जमुनेला मुलीचं नाव ठाऊक नव्हतं.

घ्यायला कोणी आलं नाही. चैत्र गेला, पाऊसपाणी झालं, दिवाळी आली. खुशालराव आले की जमुना इंदूबद्दल विचारी. बसते आता. दात आले. उभी राहून राहिली. ते सांगत तेव्हा त्यांचा चेहरा फुले. आणाल का एकदा, असं तिने म्हटलं की ते मान हलवत. आईचं तुला माहीत आहे, असं ते एकदा म्हणाले. जमुना तलावावर जात राहिली. पण आडोशात बसल्यावर आता तिचं मन पाण्याकडे लागत नसे. शेजारच्या रिकाम्या जागेकडे लक्ष जाई.

पुढच्या वर्षीच्या माघात ती न सांगता टाकळीला गेली. परतवाड्याकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटरने फाट्यावर उतरून पायी. कॅमेरा पिशवीत होता. घरात लग्नाची पाहुणेमंडळी होती, कुणाच्या तरी पोरीला पाहायला आलेली. सगळीकडे बायका. सासूने तिला ये म्हटलं, चहा द्यायला सांगितलं आणि ती पुन्हा पाहुण्यांकडे वळली. कौशल्या चुलीपुढे होती. अंगाने भरली होती आणि तिला पुन्हा दिवस होते. जमुनेला पाहून ती उठली, पण तेवढ्यात कोणीतरी तिला तेलाचं भांडं मागितलं, मग दुसरीने पिठाचं विचारलं. इंदू तिच्या लुगड्याला धरून फिरत होती. जमुना खाली बसली आणि तिने हात पुढे केले. मुलीने एकदा तिच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि आईच्या मागे लपून रडू लागली. जमुनेने हात मांडीवर घेतले. कॅमेरा पिशवीतून काढावा असं तिला वाटलं नाही.

निघताना कौशल्या तिला फाट्यापर्यंत सोडायला आली. इंदू कडेवर झोपून गेली होती. शेतात बायका कापसाची शेवटची वेचणी करत होत्या. मोटर यायला वेळ होता, म्हणून दोघी बाभळीखाली उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी अजून तिथं एकट्याच बसता काय?"

"हो."

कौशल्येने मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मले लय आठवते थे," ती म्हणाली. "तुमी मले बोलू देत नव्हत्या. इथं दिवसभर सगळे बोलतेत, मीबी बोलतो, पर कोनी माह्यं आयकत नाई. रातच्याले वाटते, त्या पऱ्हाट्याईत जाऊन गप बसावं."

जमुनेने झोपलेल्या मुलीकडे पाहिलं. जावळ काढलेलं होतं. नाक आता तेवढं बसकं राहिलं नव्हतं. "फोटू सापडला काय तुले?" तिने विचारलं.

"नाई. पर आता समोर हाय ना थे," कौशल्या म्हणाली, आणि मग तिला वाटलं असावं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. तिने जमुनेचा हात धरला. मोटरचा धुरळा दिसेपर्यंत तिने तो सोडला नाही.

मोटर भरलेली होती. जमुनेला एका म्हाताऱ्या बाईशेजारी जागा मिळाली. तिने वळून पाहिलं तेव्हा कौशल्या रस्त्यातच उभी होती आणि मुलगी जागी होऊन रडत होती. मग धुळीत काही दिसेनासं झालं.

"कोन होती थे?" शेजारच्या बाईने विचारलं.

जमुनेने मान पुन्हा पुढे वळवली. "बहीन," ती म्हणाली.

"पोरगी गोड हाय. तुमाले किती लेकरं?"

"नाई," जमुना म्हणाली.

म्हातारीने मान हलवली आणि मांडीवरचं गाठोडं जरा आपल्याकडे ओढून घेतलं. मोटरची खिडकी बंद होत नव्हती, वारा सरळ तोंडावर येत होता. जमुनेने पदर कानांवरून घट्ट गुंडाळून घेतला आणि अमरावती येईपर्यंत ती बाहेर पाहत बसली.